पगारेताई आणि तिसरी पिन

रविवारी सकाळी पोह्यांची कढई घासायला टाकली की आमची बेल वाजायची. एकदा लांब, एकदा आखूड. दार उघडायच्या आधीच मला कळायचं, पगारेताईंनी नवीन वायर केली आहे.

"वैशाली, दोन मिनिटं ये. बाकी काही नको, कान घेऊन ये."

मी हात पुसत समोरच्या दारात जायची. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मधोमध एकच खुर्ची असे आणि तिच्या पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा. खुर्ची बोटभर सरकलेली त्यांना चालत नसे. समोर दोन उंच स्पीकर, मध्ये स्टुलावर अॅम्प्लिफायर, आणि त्याच्या पाठीमागून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत गेलेली ती वायर. गाणं त्या वायरीतून जात नाही, नुसती वीज जाते. मिक्सरला असते, इस्त्रीला असते, तशीच. पण पगारेताईंचं म्हणणं असं, की गाणं बिघडतं ते तिथेच.

त्या एक गाणं लावायच्या. थोडं वाजलं की बंद. मग वायर काढायची, दुसरी लावायची, पुन्हा तेच गाणं, तेवढंच.

"कळला फरक?"

मला कधीच कळला नाही. सुरुवातीला मी "हो, थोडासा" म्हणायची. मग त्या विचारायच्या, "कुठे? आवाजात की तबल्यात?" आणि मी अडकायची. पुढे मी खरं सांगायला लागले, "नाही ताई, मला सारखंच वाटतं." त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की मी पेपरात नापास झाले आहे आणि तरी त्या मला वरच्या वर्गात ढकलणार आहेत.

"पुन्हा ऐक. डोळे मीट."

नाशिक रोडला, जेल रोडच्या आतल्या अंगाला आमची सोसायटी. चार मजले, लिफ्ट नाही. पगारेताई आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर. मी शाळेत मराठी शिकवते, माझा नवरा दिलीप अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. पगारेताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचा जमाना होता तेव्हा लागल्या, डोक्याला हेडफोन लावून मनमाड, सटाणा, कळवण जोडून देत बसायच्या. लाइनवर खरखर आली तर ती कुठल्या गावापाशी आहे ते आपल्याला कळायचं, असं त्या सांगायच्या. खरं-खोटं देव जाणे. पण त्या नोकरीने त्यांना एक सवय लावली होती. कुणी बोलायला लागलं की त्या मान वळवून डावा कान पुढे करायच्या आणि नजर भलतीकडे. नवीन माणसाला वाटायचं, बाईंचं लक्ष नाही. उलट सगळं लक्ष तिथेच असायचं. दार उघडल्यावर "या" म्हणण्याऐवजी त्या "बोला" म्हणायच्या. कुणी ऐकेनासं झालं की म्हणायच्या, "एंगेज आहे."

लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल त्या स्वतःहून बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे एक्स्चेंजमधले बोर्ड निघून गेले, शेवटची वर्षं त्यांना बिलाच्या खिडकीवर काढावी लागली. ती वर्षं त्यांना अजिबात आवडली नाहीत. "तिथे नुसती माणसं दिसायची, ऐकू कुणीच यायचं नाही," म्हणायच्या. निवृत्त झाल्या त्या महिन्यात त्यांनी हा स्टिरिओ घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलं, आता आपलं ऐकायचं.

पहिल्याच संध्याकाळी त्यांना ती घरघर ऐकू आली.

ही घरघर मात्र खोटी नव्हती. ती मलाही ऐकू यायची. गाणं सुरू व्हायच्या आधी, दोन गाण्यांच्या मध्ये, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी. मी म्हणायची, "ताई, गाणं लागलं की कळतसुद्धा नाही." त्या म्हणायच्या, "भातात खडा असला तर तू काय, वरण ओतलं की कळत नाही म्हणून खातेस?"

दुकानदाराने सांगितलं, पॉवर केबल चांगली लावा. त्याने दाखवलेल्या परदेशी केबलची किंमत ऐकून ताई घरी आल्या आणि ठरवलं, आपणच करायची. झालं. त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगच्या नशिबी वायर आली.

रविवार कारंज्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून त्या मीटरवर वायर आणायच्या. तीन वायरी घेऊन त्यांची वेणी घालायच्या, तीन पेडांची, घट्ट आणि एकसारखी. मग वरून तांब्याच्या तारेची जाळी, त्यावर काळं कापडी आवरण, दोन्ही टोकांना जड पिना. दिसायला खरंच देखणी वस्तू. पण तेवढ्यावर भागत नसे. तयार वायर त्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. का, तर थंडीने तांबं "शांत होतं". मग बाहेर काढून आठवडाभर टेबलफॅनला लावून ठेवायच्या. "मुरू द्यावी लागते," म्हणायच्या. वीज कुठल्या दिशेने जाते ते दाखवायला वायरीवर नेलपॉलिशने बाण काढायच्या.

दिलीप कपाळाला हात लावायचा. "अहो ताई, घरातली वीज सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे जाते. तिला बाण काढून काय उपयोग?"

"मग एक वेळ तरी बरोबर जाईल."

एकदा तो चांगलाच चिडला. "वीज एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून तारांवरून येते. इतक्या लांबून, नुसत्या साध्या तारेतून. तुमची शेवटची चार फुटांची वायर काय दिवे लावणार आहे?"

ताईंनी डावा कान पुढे करून ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाणी गंगापूर धरणातून येतं ना? नळाला फडकं कशाला बांधलंय मग तुझ्या बायकोने?"

दिलीप जेवणाच्या ताटावरही त्याचं उत्तर शोधत होता. "पाण्याचं वेगळं असतं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

यातला वैताग असा, की ताई वायर स्वतःपुरती ठेवत नसत. बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे टेप नाही, स्पीकर नाही, त्यांनाही त्या वायर द्यायच्या. माझ्या इस्त्रीला त्यांची वायर होती. पहिल्या मजल्यावरच्या आवारे अण्णांच्या फ्रीजला होती. फ्रीजला देताना त्या म्हणाल्या होत्या की आता भाजी जास्त टिकेल. पैसे घ्यायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, "काही फरक?" आणि रोज विचारायच्या. माणसं जिन्यात त्यांचा आवाज आला की घरात परत जायची.

शेवटी दिलीपने एका रविवारी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. अॅम्प्लिफायरच्या मागे चादर बांधली, तो चादरीमागे बसला. ताई खुर्चीवर. तो वायर बदलणार, ताईंनी सांगायचं. मी दाराला टेकून उभी होते. ताई आनंदात होत्या, एखादीचं लग्न ठरल्यासारख्या. पहिल्यांदा गाणं वाजलं. मागे खुडबुड झाली. दुसऱ्यांदा वाजलं.

"ही चांगली. बघ, आवाज पुढे आला."

पुन्हा खुडबुड. पुन्हा गाणं.

"आता मागे गेला. ही साधी."

असं बराच वेळ चाललं. मग दिलीप घामाघूम होऊन चादरीमागून बाहेर आला. त्याला वाटलं होतं मजा येईल, पण त्याचा चेहरा बघून मला कळलं की आता त्याला सांगायचं नाहीये.

"ताई, मी वायर बदललीच नाही. सगळ्या वेळी एकच होती. साधी. दुकानातली."

ताई खुर्चीवरून उठल्या. चादर सोडली, तिची नीट घडी घातली. "तू हात लावलास ना? पिन हललीच असेल," त्या म्हणाल्या. "आणि खाली कुणाचा तरी मिक्सर चालू होता." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वैशाली, दूध उतू जात असेल तुझं." आमच्या गॅसवर दूध नव्हतं. दिलीपशी त्या थेट दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत.

त्यानंतर चौदा एप्रिलच्या जयंतीचा तो प्रकार झाला. ताईंच्या लहानपणीच्या वस्तीत, देवळाली गावाकडे, दरवर्षी मांडव पडतो. आमच्या बिल्डिंगमधले बरेच जण ताईंच्या आग्रहाने जायचे. त्या वर्षी मनमाडकडचे एक शाहीर आले होते. वंदना झाली, शाहीर उभे राहिले, आणि मांडवातले मोठे स्पीकर घुमायला लागले. कुणाला काही वाटलं नाही, मांडवात एवढं चालतंच. पण ताईंना बसवेना. त्या उठल्या, स्टेजच्या मागे गेल्या. पिशवीत वायर होतीच. साउंडवाला चहाला गेला होता. त्यांनी त्याची वायर काढून आपली लावली, आणि सगळा मांडव एकदम मुका झाला. फ्यूज गेला होता. साउंडवाला धावत आला, ताईंवर ओरडला, त्याचं काही चुकलं नव्हतं. शाहीर मोठ्या मनाचे, ते माइक बाजूला ठेवून उघड्या आवाजात गायले, लोक खुर्च्या उचलून पुढे सरकले. कार्यक्रम रंगला. पण शेवटी आभार मानताना आमचे आवारे अण्णा, आमच्या सोसायटीचे चेअरमन, पाहुणे म्हणून स्टेजवर होते, ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पगारेताईंनी फक्त खुर्चीवर बसायचं. हात लावायचा नाय." अख्खा मांडव हसला. ताईही हसल्या. परत येताना रिक्षात मात्र त्या वायरीची पिन पुन्हा पुन्हा तपासत होत्या.

हे सगळं सांगितलं ते अशासाठी, की त्यानंतर जे झालं तेव्हा कुणी त्यांचं ऐकलं का नाही, हे लक्षात यावं.

एका रविवारी बेल वाजली ती नेहमीसारखी नव्हती. बटण दाबूनच धरलं होतं. दारात ताई, हातात होल्डरला लावलेला जुना पिवळा बल्ब आणि त्यातून निघालेल्या दोन वायरी.

"तुझं सॉकेट दाखव. दिलीपलाही बोलाव."

झालं होतं असं. नवीन वायरीची तांब्याची जाळी त्यांनी तिसऱ्या पिनेला जोडली होती. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन ती. ती अर्थची, म्हणजे तिची तार भिंतीतून थेट जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत जाते. यंत्र बिघडून त्याच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या पिनेतून जमिनीत जावी, यासाठी. ताईंच्या हिशोबाने एवढी चांगली जाळी लावल्यावर घरघर थांबायलाच हवी होती. थांबली नाही. शिवाय अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला बोट लावलं की झिणझिण्या यायच्या. त्यांनी आधी आपली वायर तपासली, ती बरोबर होती. मग सॉकेट तपासलं. बल्बची एक वायर वीज येते त्या भोकात आणि दुसरी अर्थच्या भोकात घातली की बल्ब पेटायला हवा. पेटला नाही. घरातल्या एकाही सॉकेटमध्ये पेटला नाही.

आमच्याकडेही पेटला नाही.

दिलीपने आपला वीज मोजायचा मीटर आणला. स्वयंपाकघर, बाथरूम, हॉल. मग तो खाली जाऊन मीटरच्या खोलीत बघून आला. वर आला तेव्हा जिना चढून त्याला धाप लागली होती.

"ताई बरोबर बोलतायत. अख्ख्या बिल्डिंगला अर्थ नाहीये."

मला वाटलं, आता ताई खूश होतील. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिलीपने त्यांना बरोबर म्हटलं होतं. पण त्या त्या पिवळ्या बल्बकडे बघत राहिल्या. "सगळ्यांच्या बाथरूममध्ये गीझर आहेत रे," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी गच्चीवर सोसायटीची मीटिंग होती. चहा, वेफर्स, मुलांचा क्रिकेटचा गलका. ताईंनी विषय मांडला. दिलीप त्यांच्या शेजारी उभा राहिला. आवारे अण्णांनी आधी सगळं ऐकून घेतलं. अण्णा वाईट माणूस नव्हे. निफाडकडच्या गावातून आलेले, द्राक्षाच्या व्यापारात हयात गेली, सोसायटीचं काम घरचं समजून करायचे. पण त्यांच्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट म्हणजे पार्किंग. मातीच्या जागी लाल-करड्या पेव्हर ब्लॉकची नक्षी त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती.

"म्हणजे करायचं काय?" त्यांनी विचारलं.

"अर्थिंगचा खड्डा पार्किंगखाली आहे," ताई म्हणाल्या. "तिथेच काहीतरी तुटलंय. ब्लॉक काढून बघायला लागेल."

"ब्लॉक काढायचे? ताई, एक ब्लॉक आजवर हललेला नाय. तुमच्या गाण्यासाठी मी पार्किंग फोडू?"

"गाण्यासाठी नाही अण्णा. जिवासाठी."

"तुम्ही म्हणल्या होत्या, फ्रीजची वायर बदला, भाजी टिकती. बदलली. टिकली का भाजी? विचारा आमच्या घरी."

लोक हसले. दिलीप म्हणाला, "अण्णा, मी मीटर लावून बघितलंय."

"दिलीपराव, तुम्हालाबी वायर दिली वाटतं?"

पुन्हा हशा. मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि अर्थिंग राहिलं.

त्यानंतर ताई घरोघर फिरल्या. हातात तो बल्ब घेऊन एकेक दार वाजवायचं, सॉकेटमध्ये लावून दाखवायचं, की बघा, पेटत नाही. चांगली कल्पना होती. पण खांद्याला पिशवी असायची आणि पिशवीत वायर. मी हात जोडून सांगितलं, "ताई, काही दिवस वायर घरी ठेवा. आधी बल्बचं काय ते पटू द्या लोकांना." त्या हो म्हणायच्या. आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी दारात मी माझ्या कानाने ऐकायची, "आणि आलेच आहे, तर टीव्हीला ही वायर लावून बघा, चित्र उजळतं." मला जिन्यातच खाली बसावंसं वाटायचं. बाई खरं सांगत होती आणि त्याच दमात खोटंही. बरं, खोटं तरी कसं म्हणावं? त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच खरं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या कोठुळेकाकूंनी तर दार अर्धंच उघडलं. "पगारेताई, मला नको तुमची वायर. माझ्याकडे टेपसुद्धा नाही."

"अहो, वायरीचं नाही. गीझरचं सांगतेय."

"गीझर नवीन घेतलाय मुलाने. चांगला चाललाय." आणि दार लागलं.

ताई खाली आल्या, आमच्या दारात उभ्या राहिल्या. "एंगेज," म्हणाल्या. "सगळी बिल्डिंग एंगेज." दिलीपने ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून निदान आमच्या दोन घरांपुरती काही सोय होते का विचारलं. तो म्हणाला, खड्डा सोसायटीच्या जागेत खणायचा तर चेअरमनची परवानगी लागेल. वीज कार्यालयात ताई स्वतः जाऊन आल्या. मीटरच्या आतलं काम सोसायटीचं असतं, असं तिथल्या माणसाने समजावून सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. सगळेच आपापल्या परीने बरोबर होते. त्याचाच ताईंना जास्त संताप यायचा.

नाशिकची थंडी कडक पडली होती त्या आठवड्यात. सकाळी मी शाळेची तयारी करत होते आणि वरून किंकाळी आली. तुटल्यासारखी, मध्येच बंद झालेली. दिलीप आधी वर न जाता खाली धावला आणि सगळ्या बिल्डिंगची वीज बंद केली. मग आम्ही वर गेलो. कोठुळेकाकू बाथरूममध्ये पडल्या होत्या. गीझर आतून बिघडला होता, त्यांनी ओल्या हाताने नळ धरला होता. धक्क्याने मागे फेकल्या गेल्या, म्हणून वाचल्या. मनगट मोडलं, डोक्याला टाके पडले. रुग्णवाहिकेत घालताना त्या शुद्धीवर होत्या आणि "माझा चष्मा, माझा चष्मा" म्हणत होत्या.

ताई जिन्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. बघायचं टाळत होते.

त्याच दिवशी अण्णांनी माणसं बोलावली. लाल-करडे ब्लॉक उपटले गेले. खाली अर्थिंगची पट्टी सापडली. ब्लॉक बसवणाऱ्यांना ती आड आली असणार, त्यांनी ती कापून दुमडून मातीत दाबून टाकली होती. म्हणजे अण्णा उभे राहून नक्षी बघत होते, तेव्हाच हे झालं होतं. नवीन खड्डा झाला, नवीन पट्टी आली. बोर्डावर नोटीस लागली, की सभासदांच्या सुरक्षिततेसाठी कार्यकारिणीने तातडीने निर्णय घेऊन अर्थिंगचं काम पूर्ण केलं आहे. दिलीप ती नोटीस फाडायला निघाला होता. ताईंनीच त्याला अडवलं.

कोठुळेकाकूंना भेटायला आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. ताईंनी त्यांच्यासाठी मुगाची पातळ खिचडी नेली होती. काकूंनी दोन घास खाल्ले, आणि प्लास्टरमधला हात उशीवर ठेवत म्हणाल्या, "ताई, तुम्ही नीट सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं हो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काहीतरी बोलणार होते. ताईंनी माझा हात दाबला. त्यांनी डबा पुसला, झाकण लावलं, "उद्या वरण आणते" म्हणाल्या. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मात्र त्या थांबल्या.

"नीट नाही सांगितलं का गं मी?"

मी रस्त्यावर रिक्षा दिसते का ते बघायला लागले.

"इतक्या वेळा लोकांना उगाच फोन लावले, वैशाली," त्या म्हणाल्या, "की खऱ्याच्या वेळी माझा नंबर बघूनच कुणी उचलला नाही." आणि त्या इतक्या भरभर पायऱ्या उतरल्या की मला त्यांना गाठता आलं नाही.

अर्थिंग झाल्यावरच्या पहिल्या रविवारी बेल वाजली. एकदा लांब, एकदा आखूड. या वेळी त्यांनी दिलीपलाही बोलावलं. त्याला खुर्चीवर बसवलं, आम्ही दोघी मागे उभ्या. अॅम्प्लिफायर सुरू केला. काही झालं नाही. म्हणजे खरंच काही झालं नाही. घरघर नव्हती. खाली कुणीतरी चटणी वाटत होतं ते ऐकू येत होतं, रस्त्यावरचा भंगारवाला ऐकू येत होता, पण स्पीकरमधून काहीही येत नव्हतं. दिलीपने मान डोलावली. ताईंनी गाणं लावलं. थोडं वाजल्यावर बंद केलं. वायर बदलली. पुन्हा लावलं. पुन्हा बदलली. त्यांनी बराच वेळ असं केलं आणि आम्हाला काहीच विचारलं नाही. आवाज पुढे आला म्हणाल्या नाहीत, मागे गेला म्हणाल्या नाहीत.

"चहा घ्या," एवढंच म्हणाल्या.

तो आठवडाभर समोरच्या घरातून मला तोच गाण्याचा तुकडा ऐकू येत राहिला. थांबायचा, पुन्हा यायचा. मग तोही बंद झाला. रविवारी मी कढई घासायला टाकून दाराकडे बघायची. बेल वाजायची नाही. इतकी वर्षं त्या बेलचा कंटाळा केला, आणि आता ती वाजत नाही म्हणून माझी चिडचिड व्हायला लागली. मीच एकदा जाऊन विचारलं, "ताई, नवीन वायर नाही केली?"

"तांबं महाग झालंय," त्या म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

गुडघ्यांमुळे त्यांना दोन मजले चढवेनासे झाले तेव्हा पिंपळगाव बसवंतचा भाचा, सचिन, येऊन त्यांना घेऊन गेला. त्याचा कांद्याचा व्यापार आहे. हायवेच्या आत घर, घरापुढे मोठं पत्र्याचं शेड. आम्ही वणीहून दर्शन करून परतताना एकदा त्यांच्याकडे थांबलो. ताई बारीक झाल्या होत्या, हातात काठी आली होती. सचिनने त्यांच्यासाठी खालची खोली करून दिली होती, नवीन वायरिंग केलं होतं. स्टिरिओ लावलेला होता. मी सहज मागे वाकून बघितलं. अॅम्प्लिफायरला कंपनीतून आलेली साधी काळी वायर होती.

सचिनच्या बायकोने भजी केली, कोठुळेकाकूंच्या हाताची, अण्णांच्या शुगरची चौकशी झाली. निघताना ताई आमच्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. दिलीपने गाडीचं दार उघडलं तेव्हा त्यांनी काठी त्या दारापुढे आडवी धरली.

"दिलीप, ते तू चादर बांधून केलं होतंस ना. एकदाही वायर बदलली नव्हतीस? खरं सांग."

"नाही ताई. एकदाही नाही."

त्यांनी मान वळवून डावा कान त्याच्याकडे केला होता, नजर शेडकडे. "पण मला ऐकू आला होता रे फरक. उगाच नव्हतं म्हटलं मी. तुला हरवायला म्हणून नव्हतं. आवाज खरंच पुढे आला होता. आता साधी लावलीय, तर कधी कधी तीसुद्धा पुढे येते." त्या थांबल्या. "मग मी इतकी वर्षं काय ऐकत होते?"

दिलीप गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

"माहीत नाही, ताई."

"माहीत नाही म्हणजे काय? इंजिनिअर ना तू?" त्या चिडल्या. पहिल्यासारख्या, सणसणीत चिडल्या. पुढेही काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात कांद्याच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो मागे येत येत शेडच्या कडेला वळायला लागला.

"अरे, तिकडून नको!" ताई ओरडल्या. "तिकडे पाणी सोडलंय काल. रुतशील!"

ड्रायव्हरने काचा वर केल्या होत्या आणि आत गाणी लावली होती. ताई काठी टेकत टेम्पोच्या मागे गेल्या. पत्र्यावर तळहाताने थापा मारत राहिल्या. "थांब! अरे थांब की!" आम्हाला अंधार पडायच्या आत नाशिक गाठायचं होतं. आम्ही गाडीत बसलो. हायवेला वळताना मी मागे बघितलं. टेम्पोचं मागचं चाक निम्मं चिखलात गेलं होतं, ड्रायव्हर खाली उतरून डोकं खाजवत होता, आणि पगारेताई एक हात कमरेवर ठेवून, काठीने त्याला चाक दाखवत बोलत होत्या, बोलत होत्या.